गाठी मारलेल्या वायरी

आबांच्या गाडीची वायरिंग उंदरांनी खाल्ल्याचं मला दसऱ्याच्या दिवशी कळलं. झेंडूचा हार बांधायला मी धुळ्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले आणि सहज बॉनेट उचललं. आत एक मोठं घरटं होतं. चिंध्या, सुतळी, सरकीसकट कापूस, भुईमुगाची टरफलं, आणि त्यातून डोकावणारे वायरींचे कुरतडलेले तुकडे. मी बॉनेट खाली घेतलं, हार बांधला, गाडीला हळद-कुंकू लावलं आणि आत येऊन आबांना सांगितलं.

आबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझे वडील आषाढात न्हाणीत घसरून पडले होते आणि मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की यांना रोज चालवा, नाहीतर हे उठायचे नाहीत. पण आबा चालत नव्हते. वॉकर कोपऱ्यात उभा असे आणि त्यावर त्यांचा टॉवेल वाळत असे. सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या बाईंनी जेवायला वाढलं की उठून बसायचे, जेवायचे, परत आडवे. मी दर शनिवारी जळगावहून एसटीने यायची, रविवारी संध्याकाळी परत जायची, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा थोडे जास्त आडवे झालेले असायचे.

"उंदरांनी गाडीच्या वायरी खाल्ल्या, आबा."

मग भिंतीकडूनच आवाज आला, "बठ्ठ्या?"

"बठ्ठ्याच. सगळ्याच म्हणा."

आणि आबा उठले. टॉवेल खाली टाकून वॉकर घेतला, तीन महिन्यांत पहिल्यांदा स्वयंपाकघर ओलांडलं, मागच्या दाराची पायरी उतरले, आणि शेडमध्ये जाऊन बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. मी मागे मागे, हात पुढे करून, पण त्यांना न शिवता. तिथल्या तिथे मी ठरवलं, की ही गाडी चालू करायची.

गाडी म्हणजे पांढरी अॅम्बेसेडर. आबांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती आणि तिच्यावर तीस-पस्तीस वर्षं भाड्याच्या फेऱ्या केल्या. भुसावळच्या रेल्वेगाड्या पकडणारी माणसं, एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला जाणारी कुटुंबं, पिंपळनेरहून दवाखान्यात आणायचे पेशंट. परवाना संपल्यावर ती घरगुती करून घेतली. आता तिच्या नोंदणीची मुदत दिवाळीनंतरच्या महिनाअखेरीला संपत होती. त्याआधी आरटीओत तपासणी करून घ्यायची होती, आणि तिथे दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर सगळं चाललं पाहिजे. नाहीतर गाडी भंगारात. सुरतेला असलेल्या माझ्या भावाचं म्हणणं होतं, की जाऊच दे. आबांचंही म्हणणं निराळं नव्हतं. ते म्हणाले, "दिवा लागत नसेल तर तिला ठेवून काय करायचं? शोभेला कुणाच्या दारात उभी करायची नाही."

ते हे गाडीबद्दल बोलत होते, पण मला ते पलंगासकट ऐकू आलं. गाडी गेली की शेडमध्ये यायचं कारण गेलं.

मी जळगावच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल विभागाचं भांडार सांभाळते. वायर कुठल्या जाडीची, किती मीटर आली, किती गेली, मल्टिमीटर कुणी नेला आणि परत कधी आणला, हे लिहिण्यात माझी बावीस वर्षं गेली. मला यादीशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही. त्यामुळे त्या रात्री मी वहीत चार शनिवार आखले. पहिला, घरटं काढणे आणि काय वाचलं ते पाहणे. दुसरा, जुनं काढून नव्या वायरी ओढणे. तिसरा, जोडणी. चौथा, चाचणी. मग सोमवारी रजा टाकून आरटीओ. सामानाची यादी निराळ्या पानावर केली, आणि इंटरनेटवरून या गाडीचा वायरिंगचा नकाशा काढून कॉलेजसमोर मोठ्या कागदावर छापून घेतला. प्रत्येक वायरीचा रंग त्यात दिलेला होता. बॅटरीकडून येणारी मुख्य ती तपकिरी, चावी फिरवल्यावर जिच्यात वीज येते ती हिरवी, बाजूच्या दिव्यांची लाल, अर्थची काळी. मला तो नकाशा पाहून फार बरं वाटलं. अशी स्वच्छ यादी दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेली.

पहिला शनिवार छान गेला. मी घरटं काढलं. आबांना गाडीच्या पुढच्या सीटवर बसवलं. ते डॅशबोर्डखाली हात घालून, मान मागे टाकून, डोळे मिटून चाचपत होते.

"ही हॉर्नची. ही ब्रेकच्या दिव्याची. ही हेडलाइट."

"आबा, न बघता कसं कळतं?"

"हाताला कळतं."

मला वाटलं, इतक्या वर्षांची सवय. मी वहीत लिहीत गेले. मधेच ते म्हणाले, "थांब. ही कुठे जाते ते चाचाला विचार, त्यानेच टाकलेली आहे." चाचा म्हणजे बाजारामागच्या गल्लीतले गाडीचे इलेक्ट्रिशियन. आबांच्या गाडीची सगळी वायरिंग कित्येक वर्षांपूर्वी त्यांनीच केली होती. ते आबांपेक्षा थोडेच लहान, आणि आबांना भाऊ म्हणायचे. मी म्हटलं, नकाशा आहे, चाचांना कशाला त्रास.

त्या दिवशी आबांनी दुपारचं जेवण शेडमध्येच मागितलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर तेल. डिकीवर ताट ठेवून जेवले. संध्याकाळी वॉकर न घेता, माझ्या खांद्यावर हात ठेवून घरात आले. मी वहीत त्या पानाच्या समासात तेवढंच लिहिलं, "आज बेचाळीस पावलं."

दुसऱ्या शनिवारी मी चूक केली.

आबा दुपारी झोपले होते. मला वेळ वाया घालवता येत नाही. मी डॅशबोर्डखालचा वायरींचा जुडगा खाली ओढला आणि टॉर्चच्या उजेडात पाहिला. काळपट, चिकट, ग्रीस आणि धूळ बसलेला, आणि त्यात जागोजागी दोऱ्याचे तुकडे अडकलेले. घरट्यातही दोरे होतेच. उंदरांनी ओढून आणलेला कचरा असणार, असं मी धरून चालले. कात्री घेतली आणि एक एक दोरा कापून काढला. बरेच घट्ट बसलेले होते, मेणासारखे. नखाने निघत नव्हते. मी मन लावून काढले. मग खाल्लेल्या वायरी काढून नव्या ओढल्या, उरलेल्या स्पिरिटने पुसल्या, प्रत्येकीला नकाशाप्रमाणे रंगीत स्लीव्ह चढवली आणि वहीतला तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवून, वर पारदर्शक पट्टी लावून डॅशबोर्डवर चिकटवला. दोरे केरात गेले. मला इतका आनंद झाला होता, की मी त्या जुडग्याचा फोटो काढून आमच्या विभागप्रमुखांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

आबा उठून आले. सीटवर बसले, डॅशबोर्डखाली हात घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग हात बाहेर काढून टॉवेलला पुसला.

"छान केलंस," म्हणाले. आणि उठून घरात गेले.

मला वाटलं दमले. रविवारी सकाळी बोलावलं तर म्हणाले, "तुझं तू कर. तुला जमतंय." मी चाचांचा विषय काढला, तर तेही नको म्हणाले. ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले. मी परत जाताना वहीत काही लिहिलं नाही, लिहायला आकडा नव्हता.

तिसऱ्या शनिवारी मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. अगदी सोपं काम दिलं. दोन वायरी हातात देऊन म्हटलं, "आबा, यातली तपकिरी बॅटरीच्या पट्टीला लावा. हिरवी तशीच राहू द्या, तिचं दुसरं टोक अजून उघडं आहे." आणि मी मागे जाऊन डिकीत टेललाइट जोडायला लागले. तिथून विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "झालं." मी पुढे येऊन बॅटरीचं टर्मिनल जोडलं.

डॅशबोर्डखालून धूर आला. आधी वास, मग पांढरा धूर, मग आबांचा खोकला. मी टर्मिनल उपटलं, आबांना बखोटीला धरून बाहेर काढलं. हिरव्या वायरीचं कवच वितळून नव्या जुडग्याला चिकटलं होतं. तिचं उघडं टोक बॉडीला टेकलेलं होतं, आणि बॅटरीच्या पट्टीला तपकिरीऐवजी तीच लावलेली होती.

मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते. "तपकिरी सांगितली होती ना, आबा! डॅशबोर्डवर लिहून चिकटवलंय! मोतीबिंदू काढून तीन वर्षं झाली, दिसत कसं नाही तुम्हाला?"

शेडच्या खांबाला धरून ते उभे होते. पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचा पट्टा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दी टाक भंगारमा." आणि एकटेच आत गेले. त्या वेळी वॉकरही घेतला नाही, त्याचा मला आनंद व्हायला हवा होता.

मी ओटा पुसला, चहाचं आधण ठेवलं, ते तसंच उतरवलं, आणि चपला घालून चाचांकडे निघाले.

चाचांचं दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं, आणि भिंतीवर टांगलेले जुने हॉर्न. त्यांचा उजवा हात आता थरथरतो म्हणून ते फक्त बॅटऱ्या चार्ज करतात आणि हॉर्न दुरुस्त करतात. मी सगळं सांगितलं. उंदीर, नकाशा, स्लीव्ह, धूर. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"अन् गाठी?"

"कसल्या गाठी?"

"वायरीवरन्या. मेणना दोरान्या गाठी. कोठे गयात?"

"त्या... त्या मी उंदरांचा कचरा समजून काढून टाकल्या."

चाचांनी कपाळावर हात मारला नाही. ते हसले, आणि बाकड्यावरून डोकं हलवत म्हणाले, "कॉलेजमा कामले शे, अन् दोरा वाचता येस नही! बेटी, ते तर भाऊनं अक्षर होतं."

"म्हणजे?"

"भाऊनी तुले कधी सांगं नही?"

"काय सांगायचं होतं?"

त्यांनी हातातला हॉर्न खाली ठेवला. "मग मी नही सांगाऊ. मना मुँहमा दोस्तनी गोष्ट शे, मी कशी काढू? तू घर जाय. भाऊले विचार, वायरीले रंग कशाले लागस. मी येस मागून."

परतीच्या वाटेवर मी ते स्वतःच जुळवलं. मला खरं तर आधीच दिसायला हवं होतं. आठवडी बाजारात केळी घेताना आबा प्रत्येक केळं दाबून बघायचे, आणि केळीवाले ओरडायचे, "आबा, केळी घेताय का नाडी बघताय?" आम्ही हसायचो. टोमॅटो ते कधीच आणायचे नाहीत. आणि ते सदरे. आबांचे सगळे सदरे पांढरे. आई दुसऱ्या रंगाचा सदरा घरात येऊच द्यायची नाही. ड्रायव्हर माणूस, पांढरे कपडे, किती टापटीप, असं सगळे म्हणायचे. आई गेल्यावर मी त्यांना दिवाळीला एक गडद सदरा घेतला होता. तो त्यांनी एकदाही घातला नाही, आणि मला वाटलं त्यांना माझी निवड आवडली नाही.

घरी आले तर ते जागे होते. मी पलंगाच्या कडेला बसले. विचारायचं कसं, याची माझ्याकडे यादी नव्हती.

"आबा, तुम्हाला हिरवं आणि तपकिरी सारखंच दिसतं का?"

ते भिंतीकडेच होते. "अन् लाल बी," म्हणाले. मग उताणे झाले आणि छताकडे बघत बोलायला लागले. आबा घरात अहिराणीच बोलायचे. मी इथे बरंचसं लिहिण्याच्या भाषेत देते आहे.

"भुसावळला रेल्वेत भरती होती. मला इंजिनावर जायचं होतं. लेखी झालं, धावणं झालं, सगळं झालं. मग डॉक्टरने एक पुस्तक समोर धरलं. सगळे ठिपके ठिपके. म्हणाला, आकडा सांग. माझ्यापुढचा पोरगा भराभर आकडे सांगून गेला होता. मी म्हटलं, साहेब, यात आकडा कुठे आहे? त्याला वाटलं मी थट्टा करतो. त्याने पान उलटलं. मी म्हटलं, यातही नाही. मग त्याने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला कळलं. रस्त्यावर आलो आणि समोरच्या झाडाकडे बघत बसलो, की लोकांना यात काय दिसत असेल."

"घरी काय सांगितलंत?"

"सांगितलं, रात्रपाळी नको म्हणून मीच सोडली."

"आईला माहीत होतं?"

"लग्न झाल्यावर आठवड्यात तिने पकडलं. मी तिला कच्चा पेरू तोडून दिला, पिकला म्हणून. दुसऱ्या दिवशी माझे सगळे सदरे तिच्या भावाला दिले आणि पांढरं कापड आणलं."

"आणि चाचा?"

"एकदा साक्रीच्या पुढे गाडी बंद पडली. पेशंट होता आत. मी फ्यूजमध्ये भलतीच वायर घातली आणि अशीच जाळली, आजच्यासारखी. पेशंटला ट्रकमध्ये घालून पाठवलं. दुसऱ्या दिवशी चाचाने ती वायर बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता मेणाचा दोरा काढला. म्हणाला, भाऊ, आते आंधारामा बी चूकशी नही."

"आणि सिग्नल? इतकी वर्षं सिग्नल कसे पाळले?"

आबा पहिल्यांदा हसले. "वरचा थांब, खालचा जा. आणि बाई, तेव्हा धुळ्यात सिग्नल होते किती?"

मी माफी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. मी उठून चहा केला, दोन चमचे साखर टाकली, जी डॉक्टरांनी बंद केली आहे, आणि डॅशबोर्डवरचा तक्ता काढून आणून त्यांच्यासमोर ठेवला. त्याची मागची बाजू कोरी होती.

"मला गाठींची यादी सांगा," म्हटलं. "पहिल्यापासून."

चाचा आले तोवर आम्ही अर्ध्यावर होतो. बाकीची त्यांनी सांगितली, आणि मी इतकी वर्षं याद्या करते आहे, पण इतकी शहाणी यादी मी पाहिली नव्हती. जी वायर गेली तर गाडी जागेवर थांबते, तिला सर्वांत कमी गाठी. बॅटरीच्या मुख्य वायरीला एक. इग्निशनला दोन. हेडलाइटला तीन, ब्रेकच्या दिव्याला चार, हॉर्नला पाच. म्हणजे घाईत, अडचणीत हाताला आधी तेच लागावं, ज्याची गरज आधी आहे. वायपरला आणि आतल्या दिव्याला गाठच नाही. मी विचारलं का, तर चाचा म्हणाले, "त्यासनाबिगर बी घर जाता येस."

चौथ्या शनिवारी आम्ही तिघं शेडमध्ये बसलो. जळालेली हिरवी वायर मी बदलली होती. चाचांचा हात गाठ मारायला स्थिर राहत नव्हता, म्हणून गाठी मी मारल्या. त्यांनी मला शिकवलं. दोरा दोन वेढे, मग आडवा, मग दाताने ओढून घट्ट, आणि वरून मेणाचा एक हात. माझी पहिली गाठ चाचांनी बोटांनी तपासली आणि सुटली. दुसरीही. "बेटी, पोलकानी नाडी नही बांधनी तुले," असं म्हणून त्यांनी ती पुन्हा बांधायला लावली. प्रत्येक वायर झाली की मी तिचं टोक आबांच्या हातात द्यायची. ते डोळे मिटून बोट फिरवायचे.

"तीन. हेडलाइट."

"बरोबर."

"ही चार?"

"पाच आहे, आबा."

"मग एक ढिली शे. ओढ."

खरंच ढिली होती. मी तपासणीचा रकाना आखला होता, त्यात प्रत्येक वायरीपुढे त्यांच्या नावाची खूण करत गेले. जोडणी पूर्ण त्यांनी केली. मी फक्त दिवा धरला, आणि मीटर वाचला. सगळं संपल्यावर त्यांनी स्वतः चावी फिरवली. पुढच्या दोन्ही दिव्यांचा झोत शेडच्या पत्र्यावर पडला. चाचा म्हणाले, "ऊना उजेड." आबांनी हॉर्न इतका वेळ दाबला, की शेजारचे काका भिंतीवरून डोकावले आणि म्हणाले, "अहो, वरात कुणाची?"

सोमवारी आरटीओत मी गाडी चालवत नेली. आबांचं लायसन संपून दोन वर्षं झाली होती आणि त्यांनी ते पुन्हा काढलं नव्हतं. स्टिअरिंगला असलेला गिअर मी त्यांच्याकडूनच शिकले होते, तरी वाटेत दोनदा ते माझ्या डाव्या पायाकडे बघून "क्लच, क्लच" म्हणाले. मागे चाचा बसले होते, इस्त्रीचा कुर्ता घालून, जणू लग्नाला.

तपासणीचे साहेब तरुण होते. दिवे पाहिले, इंडिकेटर, ब्रेक, हॉर्न, वायपर. माझ्या हातातल्या फायलीत सगळे कागद अनुक्रमाने होते, तेही त्यांनी पाहिले. मी श्वास सोडणार तेवढ्यात त्यांनी वाकून डॅशबोर्डखाली टॉर्च मारला.

"ताई, हे काय? गाडीला नवस बोललात का? इतके दोरे बांधलेत!"

मी उत्तर तयार करत होते. काहीतरी जुनी पद्धत, काहीतरी ओळखखूण. त्याआधीच बाजूच्या सीटवरून आबा बोलले. मोठ्याने, अगदी सरळ.

"मला रंग दिसत नाहीत, साहेब. लाल, हिरवा, तपकिरी, सगळे एकच. त्या गाठी माझ्यासाठी आहेत."

साठ वर्षं जे त्यांनी आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी नेमकं आरटीओच्या माणसाला सांगितलं. मागे चाचांनी खोकल्यासारखं केलं.

साहेब सरळ उभे राहिले. "गाडी कोण चालवतं?"

"ही चालवते. माझं लायसन संपलंय आणि मी ते काढणार नाही. मी बाजूला बसतो."

साहेबांनी पुन्हा वाकून टॉर्च मारला. या वेळी त्यांनी हात घालून एक वायर चाचपली. "ही कशाची?"

"किती गाठी?"

"चार."

"ब्रेकचा दिवा."

साहेबांनी मला ब्रेक दाबायला सांगितला, स्वतः मागे जाऊन पाहून आले, आणि कागदावर सही केली. "पाच वर्षं," म्हणाले. "नंतर पुन्हा यायचं."

"पाच वरीस!" आबा म्हणाले. "माले कोन दी पाच वरीस?"

"तुनी बी पासिंग करी लेऊत, भाऊ," मागून चाचा म्हणाले. "आठेच उभा राय."

साहेबही हसले. चाचांना दुकानाशी सोडलं. ते उतरले, खिडकीतून आत हात घालून आबांचा खांदा दाबला आणि शटर वर करायला गेले. मी घराकडे वळायला इंडिकेटर दिला.

"कोठे चालनी?" आबांनी विचारलं.

"घरी. तुम्हाला सोडते. मग मला चारची एसटी आहे."

"गाडी शे ना. एसटी कशाले?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. जळगावला या, माझ्याकडे राहा, हे मी त्यांना आई गेल्यापासून सांगत होते आणि त्यांच्याकडे नेहमी एकच कारण असे, की एसटीत पाय अवघडतो. त्यांनी नजर समोर ठेवली होती. मी इंडिकेटर बंद केला. त्यांचे कपडे, औषधं, सगळं घरीच राहिलं होतं आणि मी कधीही असं निघत नाही. तरी निघाले.

पारोळ्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. काही शेतांत वेचणी चालू होती. आबा बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"तुझ्या आईचा लग्नातला शालू. तो कुठल्या रंगाचा होता?"

मला काच खाली करावी लागली. तो शालू जळगावला माझ्या कपाटात आहे. वर्षातून एकदा मी त्याला ऊन दाखवते.

"हिरवा, आबा. गडद हिरवा. काठ लाल."

"लोक तेव्हा म्हणत होते, हिरवा. पण मला कळायचं नाही, हिरवा म्हणजे त्यांना काय दिसतंय. तिला विचारलं असतं तर ती दिवसभर हसली असती."

"तुम्हाला कसा दिसायचा?"

समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, त्याला मी वाट दिली.

"बाभळीच्या सालीसारखा," ते म्हणाले. "पाऊस पडून गेल्यावर असते ना, तशी ओली साल. चांगला दिसायचा. फार चांगला दिसायचा."

पुढे पारोळा आलं. रस्त्याकडेला चहाची टपरी दिसली तशी मी गाडी कडेला घेतली, आणि आबा माझ्या आधी दार उघडून खाली उतरले.